अम्माची देग आणि आपाचा हिस्सा

गावातलं घर रिकामं करायला आम्ही तिघं भावंडं जमलो, तेव्हा अम्माचा इन्तकाल होऊन सव्वा वर्ष झालं होतं. घर जुनं, दगड-मातीचं, वर माळवद. किल्लारी आमच्याच औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात तिकडची गावंच्या गावं झोपेत गाडली गेली. आमच्या घराचं मात्र एका भिंतीला तडा जाण्यावर निभावलं. तो तडा दरवर्षी मातीनं लिंपून अब्बांनी घर उभं ठेवलं. आता तुळईला वाळवी लागली होती आणि दोन पावसाळ्यांपासून मधल्या खोलीत गळतीखाली पातेली मांडावी लागत होती. भाईजाननी ते पाडून स्लॅबचं घर बांधायचं ठरवलं. ठेकेदाराला इसार दिला. रमजान ईद झाली की आठ दिवसांत जागा मोकळी करून द्यायची होती, म्हणजे पावसाआधी पाया भरून झाला असता.

भाईजान गावातच असतात. शेती बघतात, खताचं छोटं दुकान आहे. मी पुण्यात नोकरी करतो. आपा माझ्याहून चार वर्षांनी मोठी, सोलापूरला दिलेली. ती ईदच्या चौथ्या दिवशी एसटीनं आली. हातात एक पिशवी, त्यात शिरखुर्म्याचा डबा. घरात आम्ही दखनी बोलतो. इथं मराठीत लिहितोय, पण त्या चार दिवसांतलं आपाचं एक वाक्य मला दखनीतच ठेवावं लागणार आहे. ते पुढे येईल.

पहिल्या दिवशी सगळं सामान अंगणात काढलं. घरात राहणाऱ्याला किती सामान आहे हे कधी दिसत नाही. बाहेर मांडलं की कळतं. चार पत्र्याच्या ट्रंका, बाज, जातं, पाटा-वरवंटा, वाकळींचा ढीग, कंदील, पितळी पानदान, अडकित्ता, टोटीचे दोन लोटे, कलई उडालेली परातं, अब्बांचा चष्मा, अम्माच्या गोळ्यांचा डबा, रेहल, जानमाजी, खजुराच्या बियांची तस्बी. भाभी म्हणाल्या, "यातलं निम्मं तर फेकायचंच आहे." तिघांपैकी कुणीच काही बोललं नाही.

काही गोष्टींचं काय करायचं हे ठरलेलं असतं, त्यामुळे त्या सोप्या. कुरआनच्या जीर्ण प्रती, सुटे सिपारे, आमच्या लहानपणीचा फाटका बगदादी कायदा हे रद्दीत जात नाही. पांढऱ्या कपड्यात गुंडाळून पायदळी येणार नाही अशा स्वच्छ जागी पुरायचं, किंवा खोल वाहत्या पाण्यात सोडायचं. आमच्याकडे त्याला 'ठंडा करना' म्हणतात. भाईजान ते गाठोडं मशिदीत देऊन आले. अब्बांचे कपडे अम्मानं तेव्हाच वाटून टाकले होते. अम्माच्या साड्या आपानं गेल्या वर्षी वाटल्या.

एक ट्रंक उघडली तर जवळजवळ रिकामी होती. तळाला वर्तमानपत्र, त्यावर कापूर आणि अत्तराचा वास. अम्मा-अब्बा हजला गेले तेव्हा जमजमच्या पाण्यात भिजवून, वाळवून दोघांचं कफन घेऊन आले होते. अनेक हाजी आणतात. अब्बांचे तीन कपडे, अम्माचे पाच. लहान मुलांनी ती ट्रंक उघडू नये म्हणून अम्मा किल्ली पदराला बांधायची. २०१० मध्ये त्यातलं एक गाठोडं निघालं, गेल्या वर्षी दुसरं. ज्या सामानाची तिनं सगळ्यात जास्त काळजी घेतली, ते कुणाला वाटून द्यायची वेळच आली नाही. आम्ही ती रिकामी ट्रंक बराच वेळ उघडी ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी देगेची गोष्ट निघाली.

तांब्याची ही देग आमच्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू. बुडाला एका बाजूनं चेपलेली. तो पोचा दादीनं आम्हाला प्रत्येकाला कितीदा तरी दाखवलाय. सप्टेंबर १९४८ ची गोष्ट. भारतीय फौजा १३ तारखेला निजामाच्या राज्यात शिरल्या आणि १७ ला निजामाच्या सैन्यानं शस्त्रं खाली ठेवली. त्याआधी रझाकारांनी लोकांना छळलं होतं. त्याचा राग नंतर खेड्यापाड्यांतल्या मुसलमानांवर निघाला. त्यात रझाकारांशी काही देणंघेणं नसलेली माणसंही गेली. उस्मानाबाद जिल्ह्यात फार वाईट झालं. औसा तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. नेहरूंच्या सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. तिचा अहवाल कित्येक वर्षं लोकांसमोर आला नाही. आमच्या घरात त्या काळाला अजूनही 'पुलिस ॲक्शन' म्हणतात आणि ते नाव मोठ्या आवाजात घेत नाहीत.

दादीनं रात्रीतून घरातली तांब्या-पितळेची भांडी मागच्या आडात सोडली आणि मुलांना घेऊन ती शेजारच्या घरी गेली. त्या लिंगायत कुटुंबानं त्यांना कडब्याच्या गंजीमागे वीस दिवस ठेवलं. परत आली तेव्हा घराची दारंसुद्धा कुणी काढून नेली होती. मग पोहरे काढायचा गळ टाकून आडातून भांडी वर काढली. "अकरा टाकली होती, सात आली," दादी सांगायची. कुठली चार बुडाली तीही नावानिशी सांगायची. देग वर येताना आडाच्या दगडाला आपटली, तो हा पोचा. तिच्यात पहिल्यांदा शिजल्या त्या ज्वारीच्या कण्या, आणि त्यातल्या निम्म्या त्या शेजारच्या घरी गेल्या.

त्यानंतर या देगेत सगळं शिजलं. आमच्या तिघांचे अकीके, आपाचं लग्न, मोहरमचा खिचडा, अब्बांच्या चाळीसाव्याचं जेवण. वर्षातून एकदा कलईवाला यायचा. दारात भट्टी लावायचा, देग तापवून नवसागर टाकायचा की पांढरा धूर उठायचा, मग कथील फिरवून कापसाच्या बोळ्यानं पुसायचा. काळंठिक्कर पोट आरशासारखं पांढरं व्हायचं. आम्ही पोरं त्यात तोंड बघायचो. आता कलईवाला येत नाही. गेली आठ-दहा वर्षं देग माळ्यावर पालथी होती.

भाईजान म्हणाले, "देग इथंच राहील, नव्या घरात. दादीची निशाणी आहे." मी लगेच मान हलवली. कारण माझं लक्ष दुसऱ्या वस्तूवर होतं आणि देगेचा विषय मिटला की तिची पाळी येणार होती.

ती वस्तू म्हणजे अम्माचं पायाचं शिलाई मशीन. लोखंडी जाळीदार स्टँड, वर लाकडी फळी. पुण्यात अशा स्टँडवर काच बसवून टेबल करायची पद्धत आलीय. आमच्या हॉलमधली एक जागाही मी आणि बायकोनं बघून ठेवली होती. पण माझ्यासाठी ती सजावट नव्हती, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. दहावीला मी रात्री कंदिलाजवळ अभ्यास करायचो आणि शेजारच्या खोलीत मशीनचा आवाज चालू असायचा. तो थांबला की मला झोप यायची. बारावीला मी लातूरला होतो. 'लातूर पॅटर्न'चा तेव्हा मोठा बोलबाला होता, आणि माझ्या शिकवणीची फी त्या मशीनवर शिवलेल्या परकर-ब्लाउजांतून गेली, हे मी किती ठिकाणी सांगितलंय. एकदा एका कार्यक्रमात 'माझी आई' या विषयावर बोलताना मी त्या आवाजाबद्दल बोललो आणि समोरच्या दोन-तीन बायकांनी डोळे पुसले.

मी म्हणालो, "मशीन मी नेतो. अम्माची आठवण म्हणून."

आपा वाकळींच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "ने की. पण तुझ्या दहावीच्या वर्षी अम्मा मशीनवर बसत नव्हती. तिचे गुडघे गेले होते. दोन वर्षं मीच चालवत होते."

मी काहीतरी पुटपुटलो. ती सहज बोलली होती, टोचून बोलायचं म्हणून नाही. पण मला आठवायला लागलं. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं औशाला बसनं जावं लागायचं. अब्बांनी भाईजानना पाठवलं, मला पाठवलं, आपाला पाठवलं नाही. ती घरी बसली आणि मशीन शिकली. लग्न झालं तेव्हा वीस वर्षांची होती आणि मी अकरावीत. माझ्या लातूरच्या पहिल्या वर्षाचे पैसे अम्मानं पानदानाच्या खालच्या कप्प्यातून काढून दिले होते. म्हणून ते अम्माचे, असं मी धरून चाललो होतो. ते कुणाच्या पायांनी मिळवलेले होते हे विचारायचं मला पंचवीस वर्षांत सुचलं नव्हतं.

मी म्हणालो, "मग आपा, मशीन तू घे."

ती हसली. "मला काय करायचंय? माझ्याकडे मोटरचं आहे. दिवसभर शाळेचे युनिफॉर्म शिवते, नगावर. तो आवाज मला बस झाला."

मग तिनं घडी घातलेली वाकळ बाजूला ठेवली आणि विचारलं, "या सगळ्याचा हिशेब कसा करायचा?"

"कसला हिशेब?" भाईजान म्हणाले.

"या सामानाचा. तांब्या-पितळेचं मोडीत काय येईल, बाकीचं काय येईल. अम्माचं आहे, तिघांचं आहे."

खरं सांगतो, त्या क्षणी मला तिचा राग आला. भाईजानचा तर चेहराच उतरला. अम्माची, दादीची भांडी मोडीत? ज्या देगेसाठी दादीनं जीव धोक्यात घातला ती वजनकाट्यावर? भाईजान म्हणाले, "किती येतील? चार-पाच हजार तुझ्या वाट्याला येतील. तेवढ्यासाठी? पैसे पाहिजेत तर तसं सांग, मी देतो."

आपा म्हणाली, "द्यायचे नाहीत. गिनो तो सही, भाईजान. एक बार गिनो तो सही."

मोजा तरी. एकदा मोजा तरी. मराठीत हे वाक्य असं होतं, पण मला त्याचा सूर मराठीत उतरवता येत नाही.

त्या रात्री मी माळवदावर झोपलो होतो. शेवटचीच रात्र म्हणायची. झोप येईना. आपाचे यजमान यंत्रमागावर होते, कारखाना बंद पडल्यावर रिक्षा चालवतात. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, तिची फी भरायची आहे. दोन खोल्यांचं घर. अम्मा शेवटचे आठ महिने त्याच दोन खोल्यांत होती, कारण उपचार सोलापूरला चालू होते. मी दर पंधरा दिवसांनी जायचो, फळं घेऊन. असा सगळा विचार करत असताना मला आपाची दया यायला लागली. मग लक्षात आलं की दया करण्यात माझी फार सोय आहे. ती मोजायला सांगत होती. मला न मोजता काहीतरी देऊन मोकळं व्हायचं होतं.

आणि मग २०११ सालचा तो दिवस आठवला. अब्बांच्या नंतर वर्षभरानं आम्ही सगळे तालुक्याला गेलो होतो. अब्बांची आठ एकर कोरडवाहू जमीन. अम्मा आणि आपानं हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. फेरफार झाला. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं लागली, चार-चार एकर. कुणी जबरदस्ती केली नाही. आपाला कुणी विचारलंही नाही. 'बहिणी सोडतातच' असं सगळ्यांनी धरलं होतं, तिनंही धरलं होतं. सही केली नाही तर माहेर तुटतं, ईदला कोण बोलावणार, अडल्या वेळी कोण येणार, ही भीती बोलून दाखवावी लागत नाही. परत येताना आम्ही तिला एक साडी घेतली. चांगली, भारीतली. ती साडी घ्यायला आम्ही अर्धा तास घालवला होता. तिच्या हिश्शाचा हिशेब करायला पाच मिनिटंसुद्धा नाही.

तो हिशेब मी त्या रात्री मोबाइलच्या उजेडात केला. शरियतचा वारसा हिशेब अवघड नाही. सूरह निसामध्ये हिस्से स्पष्ट आहेत. आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत असेल तर एक तृतीयांशाच्या आत. उरलेल्यात मुलं असलेल्या विधवेला आठवा हिस्सा. बाकीचं मुला-मुलींत, मुलाला दोन तर मुलीला एक. म्हणजे आठ एकरांत अम्माचा एक एकर. उरलेल्या सात एकरांचे पाच भाग. आपाचा एक भाग, १ एकर १६ गुंठे. अम्मा गेल्यावर तिच्या एका एकराचेही तसेच पाच भाग, आपाचे ८ गुंठे. एकूण १ एकर २४ गुंठे. चौसष्ट गुंठे. माझ्याकडे बत्तीस, भाईजानकडे बत्तीस.

मी अनेक व्यासपीठांवर अभिमानानं सांगितलंय की इस्लामनं चौदाशे वर्षांपूर्वी बाईला वारसा हक्क दिला. हिंदू बहिणींना वडिलोपार्जित मिळकतीत भावाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशभर २००५ ला मिळाला, हेही मी सांगतो. टाळ्या पडतात. मुलीला निम्माच का, यावर वादही होतात, मी त्यातही बोलतो. पण माझ्या घरात तो निम्माही दिला गेला नव्हता. आणि ज्या कागदानं तो काढून घेतला, तोच कागद माझे हिंदू मित्र त्यांच्या बहिणींपुढे ठेवतात. हक्कसोडपत्राला धर्म नसतो.

सकाळी फजरच्या नमाजनंतर मी पेशइमामांना गाठलं. विचारलं, बहिणीनं आपणहून माफ केलं असेल तर? ते म्हणाले, "आधी मोजा. तिचा हिस्सा तिच्या समोर ठेवा, तिच्या ताब्यात द्या. मग तिनं खुशीनं परत केला तर तो तुमचा. न मोजता माफी कसली मागता? तिला माहीत तरी पाहिजे, काय माफ करतेय ते." आणि भांड्यांबद्दल विचारलं तर म्हणाले, "मय्यतची सुईसुद्धा तरक्यात येते." त्याच सूरहमध्ये, थोडं असो की जास्त, बायकांचा हिस्सा ठरलेला आहे, असं सांगितलंय. हे मी लहानपणापासून वाचत आलोय. 'थोडं' या शब्दात देग येते, हे मात्र वाचताना कधी जाणवलं नव्हतं.

घरी येऊन मी भाईजानना म्हणालो, "मोजूया."

औशाच्या भांड्याच्या दुकानातून काटा असलेला माणूस बोलावला. देग पंधरा किलो भरली. मोडीचा भाव ६०० रुपये किलो सांगितला, म्हणजे ९,००० रुपये. बाकी तांबं-पितळ ११,००० रुपयांचं. मशीनचे २,५०० धरले. कपाट, बाज, ट्रंका, बाकीचं मिळून ७,५००. एकूण ३०,०००. आपाचा पाचवा हिस्सा ६,०००. वहीच्या कागदावर भाईजाननी स्वतः लिहिलं. लिहिताना त्यांचा हात थोडा थांबत होता. देग काट्यावर चढली तेव्हा तिघांच्याही डोळ्यांत पाणी आलं, आपाच्या सगळ्यात आधी. तिला त्या देगेचं काही वाटत नाही, असं मी आदल्या दिवशी मनात म्हटलं होतं.

देग भाईजाननी ठेवली, तिची किंमत त्यांच्या हिश्शात लावून. आपानं टोटीचा एक लोटा उचलला. शेवटच्या महिन्यांत याच लोट्यानं ती अम्माला अंथरुणात वजू करवायची. अम्मानं तो सोलापूरला सोबत नेला होता, नंतर इकडे परत आला. मी म्हणालो, असाच ने. ती म्हणाली, "नाही. काय किंमत आहे ती माझ्यातून कापा." ४०० रुपये कापले. ५,६०० रुपये तिनं मोजून घेतले आणि पर्समध्ये ठेवले.

हे चाललं असताना शेजारच्या मावशी येऊन भिंतीला टेकून उभ्या होत्या. ज्या घरात दादीला आसरा मिळाला, त्याच घरातल्या सूनबाई त्या. अब्बा गेल्यानंतर अम्मा गावात एकटी पडायची तेव्हा रात्री सोबतीला याच झोपायला यायच्या. वाटणीच्या वेळी नातेवाईक, अनाथ, गरजू समोर हजर असतील तर त्यांनाही त्यातलं काही द्या आणि त्यांच्याशी चांगलं बोला, असं त्याच सूरहच्या आठव्या आयतीत आहे. मावशी ना नात्यातल्या, ना मागायला आलेल्या. आपानंच त्यांना विचारलं, "मावशी, तुम्हाला काय देऊ?" त्या म्हणाल्या, "मला काय करायचंय बाई. तुमच्या अम्मीचं पानदान तेवढं दिलं तर बघंन. रोज संध्याकाळी त्यातलंच पान खाल्लंय." तिघांनीही एकदम हो म्हटलं. मशीनचं मीच सुचवलं. मावशींची सून औशाला शिवणक्लासला जाते, घरी मशीन नाही. माझ्या हिश्शातलं होतं, म्हणून द्यायला कुणाची परवानगी लागली नाही. हॉलमधल्या त्या जागेत आता मुलाची सायकल असते.

जमिनीचा विषय मी त्याच रात्री जेवताना काढला. तो हिशेबाचा कागद दस्तरखानावर ठेवला. भाईजान बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेरा वर्षांनी? बोअरचं कर्ज आहे, आता घराचं होईल. तुला पुण्यात बसून सोपं आहे." यात खोटं काहीच नाही. जमीन ते कसतात, माझे चार एकरसुद्धा तेच कसतात. आपा म्हणाली, "राहू दे, मी त्यासाठी नव्हतं म्हटलं." मी तिला विचारलं, कशासाठी म्हटलं होतंस? ती म्हणाली, "कुणी विचारलंच नव्हतं ना कधी."

माझ्या वाटणीचे बत्तीस गुंठे मी आपाच्या नावे बक्षीसपत्रानं करतोय. मोजणीचा अर्ज दिलाय. तलाठ्याकडे दोन चकरा झाल्यात, तिसरी पुढच्या महिन्यात. आपानं दोनदा नको म्हटलंय. तिला सांगितलंय, आधी नावावर घे, सातबारा हातात घे, नंतर नको वाटलं तर नको म्हण. भाईजानच्या बत्तीस गुंठ्यांचं मी लिहू शकत नाही, तो त्यांचा हिशेब आहे. त्यांनी तो कागद मात्र फेकला नाही. मी निघालो तेव्हा त्यांनी त्याची घडी करून खिशात ठेवलेली पाहिली.

आईवडिलांच्या वस्तू वाटताना आपण म्हणतो की यात हिशेब नको, या आठवणी आहेत. मीही तेच म्हणत आलो. आता आठवून बघतो तर आमच्या घरात हे वाक्य नेहमी मी किंवा भाईजान बोललोय, आपा कधीच बोलली नाही. तुमच्या घरात कोण बोलतं, ते तुम्हीच बघा.

नवं घर स्लॅबपर्यंत आलंय. भाभींचा फोन होता, म्हणाल्या की देग पुढच्या खोलीत ठेवणार आहेत, पण लातूरहून कलईवाला शोधून कलई करूनच. वास्तूच्या दिवशी तिच्यात खिचडा करायचाय. आपाला यायचं आमंत्रण भाईजाननी स्वतः फोन करून दिलंय.